आकाश उडालेलं नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दक्षिण मुंबईतल्या एका संग्रहालयात सध्या निसर्गछायाचित्रांच्या जुन्या-नव्या प्रिंट्सचं प्रदर्शन भरलं आहे. गेल्या रविवारी भर पावसात दादरहून लोकलने जाऊन ते पाहिलं. मी तीस वर्षं एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली, बोटांना हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास चिकटलेला असायचा, त्यामुळे अशा ठिकाणी पाय आपोआप वळतात.

प्रिंट्स उत्तम आहेत आणि फ्रेमही नीटनेटक्या आहेत. तक्रार आहे ती शेजारच्या पाट्यांची. छायाचित्रकाराचं नाव, जागा, साल, बस्स. तेही फक्त इंग्रजीत, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या अक्षरांत.

एकोणिसाव्या शतकातल्या एका पहाडी देखाव्यासमोर मी उभा होतो. मागून एक तरुण जोडपं आलं. मुलगी म्हणाली, "आकाश पार उडालंय, फेड झालंय." मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, ते उडालेलं नाही, ते कधी उमटलंच नव्हतं! त्या काळातल्या ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे चिकट रासायनिक द्राव लावलेल्या, काचेला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. डोंगर नीट उमटेपर्यंत निळं आकाश उलट्या छटांच्या निगेटिव्हवर काळंकुट्ट होऊन जायचं, म्हणजे प्रिंटवर कोरं पांढरं. काही जण तर ढगांची वेगळी निगेटिव्ह काढून वरून छापत.

मग दोघं थांबलीच. कागदाला पिवळसर झाक का, तर तो अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्यातला पांढरा बलक लावलेला कागद, आणि तो काळाने पिवळा पडतो. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उन्हात छापायची पद्धत होती. त्यामुळे जेवढी प्रिंट, तेवढीच मोठी काच डोंगरावर चढवलेली असायची. शिवाय काच ओली आहे तोवर, दहा-पंधरा मिनिटांत, मसाला लावणं, फोटो घेणं आणि डेव्हलप करणं, सगळं उरकायचं. म्हणून तंबूतली डार्करूम बरोबर. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बॉर्नने १८६६ मध्ये हिमालयात सुमारे १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीत फोटो घेतले ते असे, हमालांच्या पाठीवर काचा आणि रसायनं लादून. एवढं सांगेपर्यंत सुरक्षारक्षक आला, "काका, जरा मागे व्हा." त्याचं बरोबरच होतं, माझं नाक फ्रेमला टेकायचंच बाकी होतं.

यातलं काही पाटीवर का नसावं? कागद कोणता, प्रक्रिया कोणती, हे दोन ओळींचं काम आहे. सालही दोन लागतात, निगेटिव्हचं वेगळं आणि प्रिंटचं वेगळं. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो १९४१ मध्ये घेतला, पण त्याच्या प्रिंट्स तो पुढे कित्येक वर्षं काढत होता, आणि मागाहूनच्या प्रिंट्समध्ये आकाश जास्त जास्त काळं होत गेलं. निगेटिव्ह तीच, हात तोच, चित्र मात्र वेगळं. डार्करूममध्ये बर्निंग करताना, म्हणजे प्रिंटचा एखादा भाग जास्त उजेड देऊन काळा करताना, पुठ्ठ्याच्या भोकातून सेकंद मोजलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी ते कुठून ओळखायचं?

दालनातल्या मंद उजेडाचंही तसंच. "लाइट गेलेत का हो?" असं दोघातिघांनी रक्षकाला विचारलं. अशा जुन्या कागदांसाठी उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास ठेवतात, नाहीतर ते झिजतात, हे दाराशी लिहिलं की प्रश्न मिटला. समोरच्या काचेत मात्र आपलंच तोंड आणि पलीकडचा दिवा दिसतो, त्याचा उजेडाच्या नियमाशी काही संबंध नाही. तो दिवा हलवता येईल.

आणि मराठीचं काय? या शहरात १८५४ साली, म्हणजे आगगाडी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात इथे फोटो काढत होते. त्याच शहरात फोटोंच्या प्रदर्शनात मराठीचा एक शब्द नाही, हे खटकतं.

प्रदर्शन अजून काही आठवडे चालणार आहे, पाट्या बदलायला वेळ आहे. मजकूर हवा असेल तर माझ्यासारखे जुने डार्करूमवाले एक पैसा न घेता लिहून देतील. फक्त दालनात एखादा बाक ठेवा. दोन तास उभं राहून गुडघे बोलायला लागतात.

आपला,
एक जुना डार्करूमवाला,
दादर