सोलरच्या कोर्सबद्दल

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या कौशल्य केंद्रात सोलर टेक्निशियनचा कोर्स करू का, असं विचारलंस. जरूर कर. बी.एस्सी. मात्र सोडायची नाही.

आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांची योजना सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. राज्यातल्या कॉलेजांत वर्षाला सुमारे दीड लाख तरुणांना मोफत शिकवायचं, असा तिचा बेत. डिग्रीची फी भरतानाच ज्या घराची ओढाताण होते, त्यांनी असल्या कोर्सचे वेगळे पैसे कुठून आणायचे? हा खर्च सरकारनंच करायला हवा.

पण पोर कामाला लागलं की नाही, हेही सरकारनंच बघायला हवं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत कोर्सनंतर नोकरी लागली का, याची नोंद ठेवत. चौथ्या टप्प्यात प्रशिक्षणाची नोकरीशी घातलेली सांगडच काढून टाकली. मला हे अजिबात पटलेलं नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये एक मुलगा वायरमनचं प्रमाणपत्र घेऊन आला होता. मोटारचं वाइंडिंग तपासायला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, दिला, तर सप्लाय बंद न करताच वायरी जोडायला निघाला. मी हात धरला म्हणून निभावलं. पोरगा हुशार होता गं. केंद्रात मेगर एकच, तोही कपाटात, असं म्हणाला. माझ्याकडे राहून सगळं शिकला, पण त्याला शिकवल्याचे पैसे आधीच दुसऱ्या कुणाला मिळाले होते. ते पैसे तुमच्या-आमच्या करातले.

म्हणून आधी केंद्रात जाऊन ये. पॅनेल, इन्व्हर्टर, अर्थिंग यांना स्वतःचा हात लागणार आहे की नुसते व्हिडिओ दाखवणार, ते डोळ्यांनी बघ. आधीची बॅच झाली असेल तर त्यातल्या चार-पाच जणांशी बोल; कुठे लागले, पगार किती, स्पष्ट विचार. लाजू नकोस.

आणखी एक. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट, म्हणजे शिक्षण मोजायचं एक एकक, धरतात. म्हणजे ३०० तासांच्या कोर्सचे १० क्रेडिट तुझ्या ॲकॅडमिक बँकेच्या, म्हणजे क्रेडिट साठवायच्या ऑनलाइन खात्यात जमा व्हायला हवेत. ते बी.एस्सी.त धरणार का, हे प्राचार्यांना अर्ज देऊन विचार आणि उत्तर लेखीच घे. ते आलं की मला फोटो पाठव, मग फॉर्म भरू.

तुझा,
बाबा