‘कासाब्लांका’ नागपुरात मोठ्या पडद्यावर लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ओटीटीवर काय बघायचं याची यादी येते, ती आमच्या घरी नेमानं वाचली जाते, पण त्यात सगळं नवंच असतं. कधीतरी एखादा जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा पण त्यात टाका आणि सुरुवात ‘कासाब्लांका’पासून करा असं मनापासून सांगायचंय. १९४२ चा सिनेमा, हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन, दिग्दर्शक मायकल कर्टिझ. नाव कॉलेजपासून ऐकत होते, बघायचा योग या मे महिन्यात आला, दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते आपल्याकडे, म्हणून कूलर लावून मी आणि आई बसलो. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत सुटलेय.

गोष्ट थोडक्यात अशी की दुसरं महायुद्ध सुरू आहे, युरोपातून जीव वाचवून पळालेली माणसं मोरोक्कोत कासाब्लांका शहरात येऊन अडकलीत, तिथून लिस्बन आणि लिस्बनहून अमेरिका, पण त्यासाठी कागदपत्रं पाहिजेत आणि ती मिळता मिळत नाहीत. तिथे रिक (बोगार्ट) नावाच्या माणसाचा कॅफे आहे. पॅरिसमध्ये जी त्याला कारण न सांगता सोडून गेली ती इल्सा (बर्गमन) एका रात्री तिथेच येते, सोबत तिचा नवरा, नाझींशी लढणारा मोठा माणूस. आता ती का सोडून गेली हे कळल्यावर कोणाचाच राग येत नाही, कारण पॅरिसमध्ये तिला वाटत होतं की नवरा छळछावणीत मेला, आणि मग अचानक कळलं की तो जिवंत आहे. तिघंही चांगले आणि तिघांचंही खरं, मला तर ही लव्ह स्टोरी यातच जिंकून गेली. आपल्याकडे प्रेमाच्या मध्ये एक व्हिलन किंवा बाप उभा केला की काम भागतं, इथे तशी सोयच ठेवली नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेला सीन रिक आणि इल्साचा नाहीच. बल्गेरियातून पळून आलेलं एक कोवळं जोडपं आहे, नुकतं लग्न झालेलं, पैसे नाहीत, आणि तिथला पोलिस अधिकारी व्हिसाच्या बदल्यात त्या पोरीकडून भलतंच काही मागतोय. ती रिकला विचारायला येते की नवऱ्यासाठी आपण असं काही केलं आणि त्याला कधीच कळू दिलं नाही तर चालेल का. रिक तिला धड उत्तर देत नाही, तुसडेपणानं उठून जातो. आणि सरळ कॅफेतल्याच रुलेटच्या, म्हणजे आकड्यांवर पैसे लावायच्या जुगाराच्या, टेबलाजवळ जातो जिथे तिचा नवरा उरलेसुरले पैसे हरून राहिला असतो, त्याला म्हणतो बावीसवर लाव, आणि चाक फिरवणाऱ्याकडे एकदा बघतो, बस. बावीस येतो. पैसे तिथेच राहू दे म्हणतो, परत बावीस. मग म्हणतो पैसे घे आणि इथे परत येऊ नको. आमच्या आईला इंग्रजी येत नाही, मी जमेल तसं मराठीत सांगत होते, पण या सीनला मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, “मुद्दामच जिंकवलं न त्यानं त्या पोट्ट्याला.” ज्याचं स्वतःचं मन असं मोडलंय तो दुसऱ्या कोणाचं तरी प्रेम वाचवतो आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, आईला ते नुसतं त्याच्या डोळ्यांवरून कळलं.

दुसरा सीन गाण्याचा. कॅफेत जर्मन अधिकारी मोठमोठ्यानं त्यांचं गाणं म्हणून राहिले असतात, इल्साचा नवरा उठून बँडला फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, बँडवाले रिककडे बघतात, तो नुसती मान हलवतो आणि मग सगळा कॅफे उभा राहून गातो. एक तरुण मुलगी रडत रडत गाते, तिच्यावर कॅमेरा थांबतो. आई म्हणे, “काहून एवढी रडून राहिली ही?” नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ती माडलेन लबो, खरोखरच फ्रेंच, १९४० मध्ये जर्मन पॅरिसच्या दाराशी आले तेव्हा नवऱ्यासोबत पळालेली. आणि तो नवरा मार्सेल दालियो म्हणजे याच सिनेमात रुलेटचं चाक फिरवणारा! जर्मन मेजरचं काम करणारा कॉनराड फाइट सुद्धा स्वतः नाझींमुळे जर्मनी सोडून गेलेला, त्याची बायको ज्यू होती. म्हणजे शूटिंग जवळजवळ सगळं अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत झालं, मोरोक्कोत कोणी गेलंच नाही, पण माणसं बरीचशी खरी निर्वासित होती आणि युद्ध अजून संपलं नव्हतं, पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं. शूटिंग सुरू झालं तेव्हा पटकथा सुद्धा पूर्ण नव्हती आणि इल्सा शेवटी कोणासोबत जाणार हे बर्गमनला कोणी सांगू शकत नव्हतं, त्यामुळे दोघांकडे बघताना तिच्या नजरेत जी ओढाताण आहे ती खरीच वाटते. (शेवट लिहीत नाही, बघा.)

आता ब्लॅक अँड व्हाइटबद्दल. माझ्या भाचीनं दोन मिनिटं बघून विचारलं की याचा कलर प्रिंट नाही का. केला होता, अमेरिकेत १९८८ मध्ये रंग भरून टीव्हीवर दाखवला आणि लोकांनी भरपूर विरोध केला, बरोबरच केला. विमानतळाचा सर्चलाइट रात्रभर फिरतो आणि दर थोड्या वेळानं कॅफेच्या दारावरून जातो, पॅरिसच्या स्टेशनवर पावसात उभ्या रिकच्या हातात तिची चिठ्ठी आहे आणि पावसाच्या थेंबांनी तिची शाई ओघळून जाते, बर्गमनच्या डोळ्यांत छोटे छोटे दिवे चमकतील असा प्रकाश मुद्दाम दिलाय. हे सगळं उजेड आणि अंधारावरच उभं आहे, त्यात निळा कोट आणि गुलाबी गाल घालून काय मिळणार? ‘श्री ४२०’ मधली राज कपूर नर्गिसची छत्री आपण आजही डोळे भरून बघतोच ना, तिथे कोणी रंग मागत नाही.

म्हणून एक विनंती आहे. हल्ली जुने हिंदी सिनेमे परत थिएटरला लागतात आणि कॉलेजची पोरं सुद्धा गर्दी करतात हे आपण बघतोय. लिबर्टी, पंचशील, जानकी या थिएटरांची नावं ज्या शहरात घरोघरी माहीत होती त्या शहरात एखाद्या रविवारी सकाळच्या शोला हा सिनेमा का लागू नये? पावणेदोन तासांच्या आत संपतो. तुमच्या पेपरनं पुढाकार घेतला तर थिएटरवाले ऐकतील असं मला वाटतं. पण सबटायटल मराठी पाहिजेत, हे फार महत्त्वाचं आहे. आईच्या वयाच्या कितीतरी बायका आणि पुरुष फक्त भाषेमुळे या सिनेमांपासून दूर राहिलेत आणि त्यांना ते नक्की कळतील, आवडतील, मी घरी बघितलंय. भाषांतराला माणूस नाही म्हणून अडत असेल तर मला सांगा, मी एक पैसा न घेता करून देईन, अर्धे संवाद आईसाठी करून झालेच आहेत.

आपली,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर