फेब्रुवारीतलं व्हिएन्ना आणि पुरवणीतला फोटो

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कमी गर्दीच्या दिवसांतल्या युरोपवरचा लेख इथे व्हिएन्नात वाचला. फेब्रुवारी-मार्चमध्ये विमानभाडं उतरलेलं असतं, हॉटेलं स्वस्त मिळतात, म्हणून ज्येष्ठांनी याच दिवसांत निघावं, असं त्यात म्हटलंय. सल्ला चांगला आहे. पण सोबतचा इथल्या शॉनब्रुन राजवाड्याचा फोटो उन्हाळ्यातला आहे. रंगीत ताटवे, उडणारी कारंजी, अर्ध्या बाह्यांचे शर्ट घातलेली माणसं. फेब्रुवारीत ते ताटवे म्हणजे नुसती काळी माती असते आणि कारंजी बंद. शहरातल्या फोक्सगार्टन बागेत तर गुलाबाच्या एकेका झाडाला गोणपाटाची पिशवी घालून बांधून ठेवतात.

मी मूळची मिरजेची, बरीच वर्षं नोकरीनिमित्त इथे राहते. हिवाळा सरताना महाराष्ट्रातून आलेले गट रस्त्यात भेटतात. गेल्या मार्चमध्ये स्टेफान्सप्लाट्झ चौकात असाच एक गट भेटला. त्यातल्या एका काकूंच्या पायात जाळीचे स्पोर्ट शूज होते आणि मोजे भिजून गच्च झाले होते. ऊब मिळेल म्हणून त्या कॅथेड्रलमध्ये जाऊन बसल्या होत्या, पण ती दगडी इमारत आतून बाहेरइतकीच गार. त्यांना जवळच्या कॉफीहाउसमध्ये नेलं, कोरडे मोजे घ्यायला लावले, तेव्हा कुठे त्यांची थरथर थांबली. एवढे पैसे खर्चून, एवढ्या हौसेनं आलेल्या त्या काकूंना निघण्यापूर्वी कुणीच काही सांगितलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

फेब्रुवारीत इथलं दुपारचं तापमान साधारण ५-६ अंश असतं, रात्री शून्याच्या आसपास. मार्चमध्ये दुपारी १० अंशांपर्यंत जातं. आकडे वाचून माणसाला वाटतं, एवढं तर सोसेल. पण खरा त्रास वाऱ्याचा. आल्प्सच्या शेवटच्या टेकड्या संपतात आणि पूर्वेचं सपाट मैदान सुरू होतं, तिथे हे शहर वसलंय. पश्चिमेचा वारा डॅन्यूबच्या खोऱ्यातून थेट आत शिरतो आणि ५ अंशांचा गारठा शून्यासारखा बोचतो. शॉनब्रुनच्या मागच्या टेकडीवर, ग्लोरिएटे नावाच्या कमानींच्या इमारतीपाशी, तर उभं राहवत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या चढाच्या वाटेला जाऊ नये. त्याच आवारात १८८२ सालचं लोखंड आणि काचेचं पामगृह आहे. आत ऊब, हिरवळ आणि ओल्या मातीचा वास असतो. फेब्रुवारीत तेच पाहावं.

कपड्यांचं थोडं सविस्तर सांगते. गावाकडून निघताना एकच जाडजूड जॅकेट आणि आत सुती टी-शर्ट, अशी तयारी बहुतेकांची असते. इथे घरं, दुकानं, ट्राम सगळं तापवलेलं असतं. आत घाम येतो, बाहेर पडल्यावर तोच घाम गार होतो. त्यापेक्षा अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर आणि वरून वारा अडवणारा कोट घालावा, म्हणजे हवं तसं काढता-घालता येतं. कानटोपी हवीच. बूट आत लोकरी मोजा मावेल इतके सैल आणि तळाला खाचा असलेले घ्या. साडी नेसणाऱ्या आजींनी आतून थर्मलची पँट घालावी आणि साडी घोट्याच्या वर ठेवावी, नाहीतर काठ चिखलात भिजून दिवसभर पायाला चिकटतो.

शहरात बर्फ पडला तरी फार दिवस टिकत नाही, रात्री गोठतो आणि दुपारी त्याचा राड होतो. फुटपाथ सकाळी ६ ते रात्री १० या वेळात साफ ठेवणं इथे कायद्यानं घरमालकाचं काम आहे, म्हणून बर्फावर बारीक खडी टाकतात. बर्फ वितळल्यावरही ती खडी तिथेच राहते आणि कोरड्या फरशीवर तिच्यावरून पाय घसरतो. इमारतीच्या भिंतीला तिरक्या काठ्या टेकवून ठेवलेल्या दिसल्या तर तिथून चालू नका, छपरावरचा बर्फ खाली कोसळण्याचा तो इशारा असतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. त्याचा कागद हॉटेलच्या बॅगेत न ठेवता अंगावर बाळगावा. रुग्णवाहिकेचा नंबर १४४.

शिवाय आभाळ. काही वेळा चार-चार दिवस शहरावर करड्या धुक्याचं छत असतं आणि सूर्य दिसत नाही. आपल्याकडच्या माणसाला हे थंडीपेक्षा जड जातं, माझ्या आईलाही गेलं. अशा वेळी ३८ए नंबरच्या बसनं ४८४ मीटर उंचीच्या काह्लेनबर्ग टेकडीवर जावं. कधीकधी धुकं खालीच राहतं आणि वर लख्ख ऊन मिळतं. खरा बर्फ पाहायचा तर आगगाडीनं झेमरिंगचा घाट गाठावा. तो घाटातला लोहमार्ग १८५४ साली सुरू झाला, आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. नातवंडं बरोबर असतील तर ती दिवसभर खिडकी सोडणार नाहीत.

या दिवसांचं सुख घराच्या आत आहे, आणि ते उन्हाळ्यातल्या गर्दीत मिळत नाही. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात ब्रॉयगलनं १५६५ साली रंगवलेलं एक चित्र आहे, 'उदास दिवस' नावाचं. त्यात नेमके हेच दिवस आहेत. काळवंडलेलं आभाळ, खवळलेलं पाणी, फांद्या छाटणारी माणसं आणि एका कोपऱ्यात कागदी मुकुट घातलेलं पोर. बाहेरच्या वाऱ्यातून येऊन त्या चित्रासमोर निवांत बसता येतं. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू होण्यापूर्वी बेकऱ्यांत क्राप्फेन, म्हणजे जर्दाळूचा जॅम भरलेले तळलेले गोल पाव, मिळतात (त्यात अंडं असतं, शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं). ऑपेरात उभ्यानं ऐकण्याची तिकिटं थोडक्या युरोंत मिळतात. पूर्वी लोक आपली जागा राखायला कठड्याला मफलर बांधून ठेवत. ज्यांना तीन तास उभं राहणं झेपेल त्यांनी ही संधी सोडू नये.

अजून काही गोष्टी. रविवारी दुकानं बंद असतात, औषधं आणि खाणं शनिवारीच घ्या. हीटरच्या कोरड्या हवेनं ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. तहान लागली नाही तरी पाणी प्या. नळाचं पाणी थेट डोंगरातून येतं, बाटल्या विकत घेऊ नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाच वाजताच सूर्य मावळतो, मार्चच्या मध्याला सहाच्या सुमारास. त्यामुळे बाहेरचं फिरणं अकरा ते तीनमध्ये उरकावं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. त्या दिवशी परतीचं विमान असेल तर आदल्या रात्रीच खात्री करा.

माझी आपल्याला एक विनंती आहे. सहलीवरचा लेख किंवा जाहिरात छापताना फोटो कोणत्या महिन्यातला आहे ते त्याखाली लिहावं. आणि ज्या महिन्यात जायला सांगता, त्या महिन्याचं दुपारचं व रात्रीचं तापमान आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छोट्या चौकटीत द्याव्यात. चार ओळींची जागा लागेल. आपला पेपर आमच्या घरी दोन पिढ्या येतो, त्या विश्वासानंच हे मागते आहे.

कळावे,
आपली एक वाचक
व्हिएन्ना (मूळ गाव मिरज)