'एक्सॉर्सिस्ट'चा आवाज

महोदय,

विल्यम फ्रीडकिन यांचा 'द एक्सॉर्सिस्ट' (१९७३) म्हणजे गरगर फिरणारी मान आणि हिरवी ओकारी, एवढीच त्याची ओळख उरली आहे. प्रत्यक्षात बराच वेळ हा चित्रपट भुताचा वाटतच नाही. मुलगी विचित्र वागू लागल्यावर आई तिला पाद्र्याकडे नव्हे, इस्पितळात नेते. मानेत सुई खुपसून केलेली ती तपासणी पाहताना मला तर सैतानापेक्षा जास्त धास्ती वाटली. 'अंगात आलंय' म्हणत थेट भगताकडे धावणाऱ्यांनी एवढा भाग तरी पाहावा! डॉक्टरांनी हात टेकल्यावरच पाद्री येतो. तोही मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वतःची श्रद्धा डळमळलेला.

पण नाट्यपंढरी सांगलीच्या प्रेक्षकाने दाद द्यावी ती आवाजाला. झपाटलेली मुलगी झालेल्या लहानग्या लिंडा ब्लेअरच्या तोंडून येणारा सैतानाचा घोगरा आवाज आहे मर्सिडीज मॅकेम्ब्रिज या मुरलेल्या अभिनेत्रीचा. रेडिओवर घडलेला गळा तो! ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले ते उगाच नव्हे. (दुसरे पटकथेला मिळाले.) मुलीच्या शयनगृहाचा सेट यंत्रांनी गोठवला होता, त्यामुळे पात्रांच्या तोंडची वाफही खरी. दुसरा, वृद्ध पाद्री झालेले मॅक्स फॉन सिडो तेव्हा जेमतेम चाळिशीत होते, हे रंगभूषाकार डिक स्मिथ यांचे कसब.

हा चित्रपट मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहण्यात अर्थ नाही. शहरातील चित्रपटप्रेमी मंडळांनी तो मोठ्या पडद्यावर, चांगल्या ध्वनियंत्रणेसह आणि शक्यतो मध्यंतराशिवाय दाखवावा, ही विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली