मशीनपाशी ठेव

पुणे

ती. आई आणि ती. बाबांना सा. नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर आईनं फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी 'बघू' म्हणून विषय पावसावर नेला असता. म्हणून पत्र. कोल्हापुरातच, साने गुरुजी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्यानं घेतलाय. डिपॉझिट मी आणि दादानं भरलं. १ जूनला किल्ली मिळेल आणि मृग लागायच्या आत तुम्ही दोघांनी तिकडं राहायला जायचं आहे.

बाबा, लगेच चष्मा काढून ठेवू नका, पुढं वाचा. शुक्रवार पेठेतलं घर विकायचा विषयच नाही. करार अकरा महिन्यांचा आहे. भाडं आम्ही बहीण-भाऊ निम्मं-निम्मं देणार. 'लेकीच्या पैशानं राहायचं का' असं म्हणणार असाल, तर माझ्या लग्नात व्याह्यांसमोर काय बोलला होता ते आधी आठवा.

तुमचं दुसरं वाक्यही मला पाठ आहे. 'पाणी येतंय आणि जातंय.' पूर्वी तसंच होतं. जामदार क्लबपाशी पाणी आलं की आपण भांडी माळ्यावर चढवायला घ्यायचो, पंचगंगेची ओटी भरून यायचो, आणि पोहे होईपर्यंत पाणी कुठवर आलं याच्या गप्पा चालायच्या. पण २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फूट ७ इंच झालं आणि २०२१ ला ५६ फूट ३ इंच. धोका पातळी ४३ फुटांची आहे. दोनच वर्षांत दोनदा! पहिल्या वेळी शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली होता आणि मी इथं टीव्हीवर आपली गल्ली शोधत होते. दुसऱ्या वेळी तुम्ही माळ्यावर बसून 'उतरतंय, उतरतंय' म्हणत राहिलात आणि शेवटी बोटीतून निघालात. आता आईचा गुडघा आणि तुमचं बीपी घेऊन शिडी चढायची, हे मला इथून बघवणार नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की पुण्यात माझ्या पोटात गोळा येतो. त्या रात्री झोप लागत नाही.

इतकी कारणं दिली, पण तुमची अडचण पाण्याची नाहीच. ते मला दिवाळीत कळलं. आई, तू म्हणालीस, "चकलीचा डबा मशीनपाशी ठेव गं." मी गेले आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात डबा ठेवून आले. तिथं काहीच नाही. तुझं शिलाई मशीन २०१९ च्या पुरानंतरच भंगारवाल्यानं किलोवर नेलं. तुलाही काही वाटलं नाही, मलाही नाही. मग चहा पिताना लक्षात आलं आणि त्यानंतर दिवसभर मी तेच ऐकत राहिले. पिशवी तंबोऱ्याच्या खुंटीला. झाडणी कपाटामागं. बाबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात त्या गंजून फेकलेल्या कपाटाची किल्ली अजून आहे. गेलेल्या वस्तूंच्या खुणेनंच तुमचं घर चालतं. नव्या फ्लॅटमध्ये 'मशीनपाशी' म्हणायला कोपराच नाही. एवढं मला कळतंय, तरी डिपॉझिट भरलंय.

त्या वेळी जो तो येऊन म्हणायचा, जीव वाचला ना, वस्तू काय परत घेता येतात. खोटं नव्हतं ते. पण आई, त्यावर तू जी गप्प झालीस ती झालीसच. 'चिखली-आंबेवाडीत लोकांची जनावरं गेली, कुंभार गल्लीत गणपती भिजले, त्यांच्यापुढं मी मशीनसाठी काय रडू,' असं म्हणालीस आणि खरंच रडली नाहीस. त्या मशीनवर तू गल्लीभरच्या ब्लाउजांना काजं-बटणं केलीस म्हणून दादाचा डिप्लोमा झाला. पंचनाम्यात ते 'घरगुती सामान' झालं. रडली असतीस तर चाललं असतं गं. कुणाच्या म्हशीचा अपमान झाला नसता.

आणि आण्णांचा तंबोरा. त्याबद्दल आपण तिघं कधी धड बोललोच नाही. वाळलेला भोपळा तरंगतो हे मला तेव्हा कळलं. खोलीत पाणी चढलं तसा तो खुंटीवरून सुटून वर वर गेला असणार, कारण सापडला तो माळ्याच्या कठड्यात अडकलेला, पोटात गाळ भरून. बाबा, तुम्ही तो मांडीवर घेऊन एसटीनं मिरजेला गेलात. कारागीर म्हणाला, सरस सुटलाय, तबली उचकटलीय, भोपळा नवा घालावा लागेल, दांडी तेवढी राहील. तुम्ही म्हणालात, "मग आण्णांचं काय राहिलं त्यात?" आणि तसाच परत घेऊन आलात. दोन वर्षांनी दांडीही गेली. मला अजून आण्णांचा हात दिसतो. संध्याकाळी देवल क्लबातून आले की ते तार छेडायचे आणि मला घोडीवरचा दोरा सरकवू द्यायचे. मी भोपळ्याला कान लावून बसायची. बोट जरा हललं की आवाज एकदम उमलायचा आणि आण्णा म्हणायचे, "बास, चिमणे, बास." मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं अ‍ॅप आहे, चांगलंही आहे. बाबा, मागच्या वर्षी मी ते लावलं तेव्हा तुम्ही उठून गॅलरीत गेलात. म्हणून पुन्हा कधी लावलं नाही.

अल्बमचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्याचं तुम्ही मनाला लावून घेतलंय. ओला अल्बम गच्चीवर उन्हात ठेवला, वर वीट ठेवली. कुणीही तेच केलं असतं. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यानं फुगतो आणि दाबून वाळवला की समोरच्या फोटोला धरून बसतो, मग सुटत नाही. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हातानं वेगळे करायचे आणि चेहरा वर ठेवून सावलीत वाळवायचे, हे मला इथं एकानं नंतर सांगितलं. तेवढा वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे. पुढच्या वेळी तसंच करा. (पुढची वेळ येऊ नये म्हणून तर हा खटाटोप.) आत्याकडून आणि मिरजेच्या मावशीकडून जेवढ्या प्रती मिळाल्या तेवढ्या स्कॅन केल्यात. लग्नातला मिळाला, बारशातला मिळाला. पण मागं बाबांच्या अक्षरात 'पन्हाळा, तबक उद्यान' लिहिलेला, आई नऊवारीत आणि मी तिच्या कडेवर रडतेय, तो कुणाकडंच नाही. तो नाहीच मिळणार. आई, त्या साडीचा काठ हिरवा होता की जांभळा यावरून दादा आणि मी अजून भांडतो. तू सांगून टाक एकदा.

आता फ्लॅटचं. लिफ्ट आहे आणि वीज गेली तरी चालते, दादानं बघितलंय. संडास कमोडचा आहे, शेजारी धरायला दांडा बसवून घेतोय. ओटा आईच्या उंचीचा आहे. देव पूर्वेला बसतील. गॅलरीत तुळस मावेल आणि कढीपत्त्याची कुंडीही. रंकाळा जवळ आहे, बाबांचं सकाळचं फिरणं तिकडं होईल. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तिथं नाही, ते कबूल. रविवारी रिक्षानं जा. रिक्षाचे पैसे वाचवायचे नाहीत. पाणी दिवसाआड नाही, रोज येतं, हेही विचारून घेतलंय.

आणि आता ऐका. माळ्यावर कुणीही चढायचं नाही, जे वर आहे ते दादा काढेल. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. आईनं कोमट तेल लावून गुडघा शेकायचा आणि त्यानंतर लगेच फरशी पुसायला बसायचं नाही. घराची कागदपत्रं, पासबुकं आणि बाबांच्या पेन्शनची फाइल आधी हलवायची, लोणच्याच्या बरण्या नंतर. आई, हा क्रम उलटा करू नकोस.

त्या जुडग्यातली किल्ली काढू नका, राहू दे. नव्या घराच्या भिंतींना मी एकही खिळा मारून घेतलेला नाही. कुठं काय अडकवायचं ते तुम्ही येऊन ठरवा.

मी शनिवारी निघते. टेम्पो तुम्ही ठरवू नका, गल्लीतला तो जास्त पैसे सांगतो. आत्याला इतक्यात कळवू नका, ती लगेच वास्तुशांतीचा मुहूर्त काढेल आणि भाड्याच्या घराची वास्तुशांत नसते हे तिला पटवायला दादाची अख्खी सुट्टी जाईल.

तुमची,
चिमी