चिखलातून वाचवलेल्या कागदांबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या कुंभार गल्लीत सगळ्या मूर्ती माळ्यावर चढवायला सवड मिळाली नव्हती. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. वडिलांच्या शाडूच्या मूर्ती विरघळून गेल्या आणि त्या दुःखात पत्र्याच्या पेटीतल्या कागदांची आठवण पाणी ओसरेपर्यंत कोणालाच झाली नाही.

पाणी चढत असताना मदतीला पुष्कळ जण धावले, त्यांचेही ऋण आहेच. परंतु पाणी उतरल्यावर, गल्लीत चिखलाची दुर्गंधी भरलेली असताना, आपण जुन्या वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे सायकलला बांधून आलात आणि ‘कुणाचे कागद भिजलेत का?’ असे दारोदार विचारत फिरलात. आई माझी बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि शेताचा जुना सातबारा उन्हात वाळत घालायला निघाली होती. आपण तिला थांबवले. कडक उन्हाने ओला कागद आक्रसतो, चिकटलेली पाने ओढून सोडवायची नसतात, आणि लॅमिनेशनच्या आत शिरलेले पाणी बाहेर पडले नाही तर तिथेच बुरशी धरते, हे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात हयात घालवलेल्या माणसालाच ठाऊक असणार! एकेका पानाखाली-वर वर्तमानपत्र ठेवून, ते ओले झाले की बदलत, पंख्याच्या वाऱ्यावर आपण तीन दिवस हे काम केलेत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची शाई तेवढी फुटली. त्याबद्दल आपणच आमची क्षमा मागितलीत, याचे मला आजही नवल वाटते.

सत्कार्य म्हटले की कोल्हापुरात साहजिकच शाहू महाराजांची वसतिगृहे आठवतात, आणि १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडणाऱ्या राजाएवढे सामर्थ्य स्वतःपाशी नाही म्हणून आमच्यासारखे लोक हात बांधून बसतात. (मीही त्यातलीच होते.) आपल्यापाशी रद्दी होती आणि कागदाची जाण होती. त्या गुणपत्रिकेवर माझा शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर झाला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा आमची पेटी आधीच वरच्या मजल्यावर गेली होती आणि शेजारच्या तीन घरांचे भिजलेले कागद मी आपल्याच पद्धतीने वाळवले. एक पान माझ्या घाईने फाटले, हेही कबूल करते.

वडिलांनी पैसे पुढे केले तेव्हा ‘पुढच्या वर्षी गणपती स्वस्तात द्या’ म्हणून आपण ते परत केलेत, आणि पुढच्या वर्षी मूर्तीची पूर्ण किंमत पाटाखाली ठेवून निघून गेलात. वडील ती गोष्ट अजून विसरलेले नाहीत. यंदाची आपली मूर्ती रंगवून तयार आहे. ती न्यायला येताना कृपया पाकीट घरीच ठेवून यावे.

आपली नम्र,
कुंभार गल्लीतली धाकटी