सूचना : घरभेटींच्या नोंदींबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. आपण शेळ्या दिलेल्या गरीब कुटुंबांच्या घरभेटींच्या नोंदवह्या सोबत आणाव्यात. कोऱ्या असल्या तरी आणाव्यात, निदान किती भेटी राहिल्या ते कळेल.

शेळ्या वाटल्या, फोटो काढले की काम झालं, असं आपल्यातल्या काहींना वाटतं. पण एवढ्याने भागत नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यात कमाईचं साधन, सुरुवातीचे काही महिने घरखर्चाला हातभार, प्रशिक्षण, बचत आणि सुमारे दोन वर्षं नियमित घरभेटी, असं सगळं एकत्र होतं. हातभार नसेल तर पहिल्याच आजारपणात शेळी विकली जाते. याच धर्तीच्या कार्यक्रमांचा सहा देशांतला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबल्यावर वर्षभरानेही कुटुंबांची स्थिती सुधारलेली दिसली.

तेव्हा भेटीत जनावराचं लसीकरण, महिन्याची बचत आणि डोक्यावरचं कर्ज एवढं तरी विचारून लिहावं. जनावर विकलं असेल तर रागावू नये, कारण नोंदवावं.

ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत वही दुसऱ्या सभासदाकडे द्यावी.

— सचिव